थंड पाण्यातलं माप

आमच्या घरात त्या वर्षी दोन जणांना पुढचे दात नव्हते. एकीला अजून यायचे होते आणि एकाचे जाऊन चार महिने झाले होते. दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसत आणि मध्ये मी, हातात चमचा. उकडलेलं गाजर आणि बटाट्याचा एकच लगदा, एक घास इकडे, एक घास तिकडे. ठमी, म्हणजे माझी अकरा महिन्यांची लेक, हातात येईल ते समोर दिसेल त्यावर ठम ठम आपटते, म्हणून तिचं नाव ठमी पडलं. तिला तो लगदा भारी आवडायचा. माझे वडील, अण्णा, तो गिळायचे आणि भिंतीकडे बघायचे.

चाळीस वर्षं अण्णांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर मऊ लगद्यानं भरलेला ट्रे रोग्याच्या तोंडात दाबून धरत, लगदा घट्ट झाला की ते माप काढून अण्णांच्या कारखान्यात पाठवत. कारखाना म्हणजे काय, एक लांब खोली, दोन टेबलं आणि एक खिडकी. त्या मापात अण्णा प्लॅस्टर ओतून रोग्याचा जबडा उभा करत आणि त्यावर मेणात एकेक दात बसवत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू अण्णांच्या हातचं होतं. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की अण्णा त्याच्या चेहऱ्याकडे न बघता खालच्या ओळीकडे बघायचे आणि पुटपुटायचे, "डावा सुळा जरा पुढे बसलाय. माझीच चूक."

माप वाईट आलं तर ते डॉक्टरकडे परत जायचं. सोबत एक चिठ्ठी, त्यावर एकच शब्द: "पुन्हा." डॉक्टर कितीही मोठा असो. आमच्या गल्लीपलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना टाकला, तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांना अशा सात चिठ्ठ्या गेल्या होत्या. सातव्या चिठ्ठीला त्या रडल्या होत्या म्हणे. आठवं माप मात्र अण्णांनी खिडकीशी धरलं आणि आईला हाक मारून दाखवलं, "बघ, पोरगी शिकली."

मग अण्णांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, मग हात, मग चाल अडखळायला लागली. मेणातला दात जागेवर बसेना. दीड वर्षापूर्वी कारखाना बंद केला आणि डबे, हत्यारं, ट्रे सगळं घरी आलं. माझ्या पोटात तेव्हा ठमी होती. त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. खरं तर माझ्या लक्षात यायला हवी होती. कंप कमी करायच्या गोळ्यांनी अण्णांचं तोंड सारखं कोरडं पडायचं. सकाळी हात ताठ, ब्रश धरवत नसे. रात्री आम्ही सगळे दमलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या दातांना जपलेल्या माणसाचे स्वतःचे दात आमच्या डोळ्यांदेखत किडले. खालचे पुढचे सहा काढावे लागले. मागच्या दाढा तेवढ्या दोन्हीकडे पहारेकऱ्यांसारख्या उभ्या राहिल्या.

आता आम्ही शहाणे झालोय. अण्णांच्या ब्रशचा दांडा ठमीच्या रबरी चेंडूतून आरपार खुपसलाय, म्हणजे मुठीत धरता येतो. दर तासाला घोटभर पाणी. पण ते सहा दात गेले आणि त्यांच्याबरोबर अण्णांचं बोलणं गेलं. आवाज आधीच बारीक झाला होता. आता कुणी आलं की डावा हात तोंडावर जायचा आणि तिथंच राहायचा. हसणं तर सोडाच. आईशीसुद्धा मान हलवून बोलायचे. आई म्हणायची, "चाळीस वर्षं म्हणत होते, गप्प बसा. आता बसलेत तर मला घरात करमत नाही."

तेव्हा खालची कवळी व्हायलाच हवी होती. आणि कवळीसाठी माप हवं. आणि मापासाठी हवीत दोन मिनिटं, तोंड उघडं, जबडा स्थिर. हे दोन मिनिटांचं गणित आम्हाला दोनदा चुकलं.

कंपवाताच्या गोळीचं एक वेळापत्रक असतं. अण्णांची दुसरी गोळी अकराची. चाळीस मिनिटांनी ती लागू पडते, माणूस मोकळा होतो. त्यानंतर थोडा वेळ गोळी जरा जास्तच चढते आणि अंगात नाच भरतो. मान, खांदे, पाय सगळं आपापल्या तालावर. तो ओसरला की साधारण पाऊण तास सोन्याचा. एकच्या सुमाराला पुन्हा थरथर सुरू. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवते. डाव्या पानावर अण्णांची गोळी, उजव्या पानावर ठमीची झोप. दोघांपैकी कोण जास्त फसवतं हे अजून ठरलेलं नाही.

पहिल्या खेपेला दवाखान्यात आमच्या आधीच्या बाईंची दाढ निघता निघेना आणि आमची पाळी येईपर्यंत सोन्याचा तास संपून गेला. अण्णांचं तोंड चमचाभरसुद्धा उघडेना. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून लवकर नेलं. ते नेमके नाचाच्या वेळी खुर्चीत बसले. वरचं माप कसंबसं आलं. खालच्याच्या वेळी ट्रे निघाला तोंडाकडे आणि पोहोचला नाकाकडे. डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर, दिव्यावर, माझ्या ओढणीवर, सगळीकडे गुलाबी लगदा. ठमी तेवढी खूश होती.

"तिसऱ्यांदा बघू," डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण ताई, दर वेळी त्यांना किती लागतं मनाला, बघताय ना? तिसऱ्यांदा नाही जमलं तर मी आग्रह नाही करणार. मऊ खाऊन राहतात माणसं."

अण्णांनी ते ऐकलं होतं. त्यांचं ऐकणं उत्तम आहे. घरी आल्यावर त्यांनी लगद्याची वाटी बाजूला सारली.

तिसरी खेप बुधवारी साडेबाराला ठरली. म्हणून मंगळवारी मी घरात रंगीत तालीम ठेवली.

आता डब्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथं झाला. अण्णांना पाणी पातळ चालत नाही, ठसका लागतो. गिळण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक पांढरी पावडर दिली आहे. ती पाण्यात घातली की पाणी जरा दाट होतं आणि घशातून शहाण्यासारखं उतरतं. ही पावडर पिशवीत येते. पण आईच्या स्वयंपाकघरात कुठलीही वस्तू स्वतःच्या पिशवीत राहत नाही, डब्यात जाते. आणि अण्णांच्या कारखान्यात कुठल्याही डब्याला कधी नाव नव्हतं. "ज्याला डबा हलवून आतलं काय ते कळत नाही, त्यानं डब्याला हात लावू नये," असा त्यांचा नियम. माप घ्यायची पावडर ओल लागली की खराब होते, म्हणून तिचा डबा घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी, शेगडीच्या वरच्या फळीवर. शेजारी आईचा डबा. दोन्ही पत्र्याचे, दोन्ही चंदेरी, दोन्ही पांढऱ्या पावडरीचे, दोन्हीत चमचा. मापाच्या पावडरीला पुदिन्याचा वास येतो खरा. पण ठमीची सर्दी मला लागली होती आणि माझं नाक आठवडाभर रजेवर होतं.

मंगळवारी अकराला गोळी दिली. बाराला नाच आला, वीस मिनिटांनी ओसरला. साडेबाराला पाच कमी असताना अण्णा टेबलाशी खुर्चीत, आई हातात घड्याळ घेऊन उभी, ठमी तिच्या उंच खुर्चीत चमचा आपटत परीक्षक.

"अण्णा, आधी पाणी प्या, मग मी म्हणेन आ, आणि आई दोन मिनिटं मोजेल."

अण्णांनी डोळ्यांनीच 'हूं' केलं. मी फ्रिजमधली बाटली काढली, वर हात घातला, डबा काढला, वाडग्यात भसाभसा ढवळलं. जरा जास्तच दाट झालं असं वाटलं. ठमीकडे बघता बघता मी एक चमचा भरून अण्णांच्या जिभेवर टेकवला.

अण्णा थांबले. मग भुवया वर गेल्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं, आणि चार महिने तोंडावर जाणारा त्यांचा डावा हात खालीच राहिला.

"पाणी कसलं घेतलंस?"

मी इतकी दचकले की कशाचं आश्चर्य आधी करावं ते कळेना. "अण्णा, काय झालं? ठसका लागला का? थुंका, थुंका आधी!"

त्यांनी वाटीत थुंकलं. पुसलं. पुन्हा तेच. "पाणी गार की साधं?"

"गार. फ्रिजचं."

"शाबास." आणि त्यांचे डोळे... लहानपणी मी कारखान्यात गेले की खिडकीपाशी दिसायचे तसे डोळे. "गार पाण्यात ते हळू घट्ट होतं. दोन मिनिटं आहेत. ट्रे आण. खालचा. मधला आकार. पलंगाखाली, निळी पेटी. धाव!"

"अहो, काय हळू घट्ट होतं?" आई.

"तुझ्या लेकीनं मला माप पाजलंय!"

मी वाडग्यात बघितलं. मग फळीवर बघितलं. मग मला सगळं कळलं. घशात उतरलं असतं तर? पण अण्णा ओरडले, "उभी काय राहिलीस, घट्ट होतंय ते!" ओरडले म्हणजे मोठ्यानं कुजबुजले, पण माझ्या पायांना पुरलं.

निळी पेटी, धूळ, ट्रे. मधला कुठला? मी तिन्ही घेऊन आले. अण्णांनी एक उचलला, नळाखाली धरायला लावला, झटकायला लावला. "भर. कडेपर्यंत. बोट ओलं करून वरून फिरव. असं नाही, आंब्याच्या पोळीसारखं... जाऊ दे, गुळगुळीत कर!" मी भरला. ठमी टाळ्या वाजवायला लागली.

"अण्णा, मी घालू तोंडात? मला येत नाही!"

"मी आहे ना. तू फक्त हात दे. मागून सुरू. तिरपा घाल, मग सरळ. जीभ वर घेतो मी. दाब. घाबरट, दाब!"

"दाबते आहे!"

"मान पुढे झुकव माझी, घशात नको जायला."

मी त्यांची मान पुढे झुकवली. मग त्यांना बोलता येईना, कारण तोंड भरलं. त्यांनी आईकडे एक बोट दाखवलं. आईनं घड्याळ वर धरलं.

"दहा," आई म्हणाली. "वीस. अगं ती ठमी वाडगा ओढतेय. तीस."

ट्रेवर माझी दोन बोटं आणि त्यांच्यावर अण्णांची दोन. मी वाट बघत होते की आता हलतील, आता जबडा नाचेल, आता ठसका. हात गरम होता आणि एकदम स्थिर. कारखान्यातला हात. मला हसू यायला लागलं, ते पोटातून असं आलं की ओठ चावून धरावे लागले, कारण मी हलले असते तर माप हललं असतं.

"अण्णा, मला हसवू नका."

ते काही करत नव्हते. ते फक्त माझ्याकडे बघत होते, गाल फुगलेले, ओठांच्या कडेनं पांढरा फेस, एखाद्या दाढी करायला बसलेल्या राजासारखे.

"नव्वद," आई म्हणाली. "शंभर. एकशे दहा. एकशे वीस!"

अण्णांनी वाडग्यातल्या उरलेल्या गोळ्यावर बोट टेकवून बघितलं. चिकटलं नाही. मान हलवली. मी ट्रे उचलला. 'प्लॉक' असा आवाज आला आणि ठमी इतकी हसली की तिला उचकी लागली.

अण्णांनी ट्रे खिडकीकडे धरला. उजेडात मागच्या दोन्ही दाढा, मधली रिकामी हिरडी, जिभेखालची ती बारीक शीर, सगळं असं उमटलं होतं की जणू कुणी कोरलंय.

"पुन्हा?" मी भीत भीत विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले. आणि लगेच, "ओला फडका! किती वाजले?"

"बारा बत्तीस."

"एकच्या आत यात प्लॅस्टर पडलं पाहिजे. त्यापुढे ते वाळतं, आकसतं. मग ते माझं तोंड नाही, भलत्याच कुणाचं. प्लॅस्टर आण."

आता प्लॅस्टरचं असं झालं होतं की कारखान्यातून आलेली पिशवी बाल्कनीत पावसानं भिजली आणि तिचा दगड झाला. गेलं वर्षभर तो दगड बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला होता. आम्ही तिघांनी त्या दगडाकडे बघितलं.

"दवाखान्यात असेल," मी म्हणाले.

"दवाखाना एकला जेवायला बंद होतो," आई म्हणाली, आणि चपला घालायला लागली.

मापाला ओल्या फडक्यात गुंडाळायचं होतं. हाताशी होतं ते ठमीचं दुपटं. तेच भिजवलं, पिळलं, मापाभोवती लपेटलं, सगळं एका जेवणाच्या डब्यात, वर झाकण. ठमी बाबागाडीत, डबा ठमीच्या मांडीवर. अण्णांनी काठीला हात लावला नाही. त्यांनी बाबागाडीचा दांडा धरला.

"अहो, हळू," आई म्हणाली.

"हळू चालायला हवं होतं तर पाणी साधं घ्यायचं होतं, माप झालंच नसतं," अण्णा म्हणाले आणि निघाले.

कंपवाताच्या माणसाची पावलं कधी कधी बारीक बारीक होत जातात आणि वेग वाढत जातो, जणू स्वतःच्याच मागे लागलाय. एरवी मी जीव मुठीत धरते. त्या दिवशी बाबागाडीची चाकं पुढे आणि अण्णा मागे, आणि मी एका बाजूनं दांडा धरून ब्रेकचं काम करत, आणि आई मागून, "अहो! अहो!" कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरली आणि बघत राहिला. "काय झालं, ताई? बाळाला बरं नाही का?"

"बाळ ठीक आहे!" मी ओरडले. "दात सुकतायत!"

ठमीला एवढा वेग जन्मात कुणी दिला नव्हता. तिनं आनंदानं आपला हक्काचा धंदा सुरू केला. मांडीवरच्या डब्यावर ठम, ठम, ठम.

"अगं माझे दात!" अण्णांनी किंचाळून गाडी थांबवली. आईनं डबा काढून स्वतःच्या छातीशी धरला. ठमीनं भोकाड पसरलं. मी तिच्या हातात खुळखुळा दिला, तर तिनं तो गाडीच्या दांडीवर आपटायला घेतला. पुन्हा निघालो.

बारा पन्नासला दवाखान्याच्या पायरीशी होतो. काचेचं दार, मी उघडून धरलं. अण्णा उंबऱ्यापाशी आले आणि थांबले.

ही त्यांची जुनी अडचण. दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. मनाला जायचं असतं, पायांना कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी ओढायचं नाही, घाई करायची नाही. आतून कंपाउंडर कुलपाची किल्ली घेऊन येताना दिसत होता.

"तू जा," अण्णा म्हणाले. "डबा घेऊन जा. माझं राहू दे."

"मला ओतता येत नाही प्लॅस्टर. माझ्यानं बुडबुडे होतील."

"डॉक्टरीणबाईंनाही होतात," ते म्हणाले, आणि त्यांचा डावा हात पुन्हा वर जायला लागला, तोंडाकडे. मी तो हात बघत होते.

गाडी आधीच आत गेली होती. तिची मागची चाकं उंबऱ्यापलीकडे होती. ठमी खुळखुळा आपटत होती. ठम. ठम. ठम. ठम. अगदी एका चालीनं, बँडवाल्यासारखी.

अण्णांची नजर खाली गेली. त्यांचा उजवा पाय ठमला उचलला गेला. पुढच्या ठमला डावा. ते आत आले.

"ठमाबाई, थांबू नका," ते म्हणाले, आणि आम्ही मिरवणूक घेऊन थेट आतल्या खोलीपर्यंत गेलो.

डॉक्टरीणबाई डबा उघडून जेवायला बसणार होत्या. आईनं त्यांच्या डब्याशेजारी आपला डबा ठेवला. दुपट्याची घडी उघडली. बाईंनी ट्रे उचलला, दिव्याखाली नेला, उलटासुलटा केला. चष्मा वर केला, खाली केला.

"कुणी घेतलं?"

"हिनं," अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "स्वयंपाकघरात. चुकून."

मी सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. मग उठल्या आणि आधी मला झापलं, अगदी व्यवस्थित. "घशात गेलं असतं तर? गिळायला त्रास असलेल्या माणसाला? ताई, आज घरी गेल्यावर पहिलं काम, डब्यांना नावं. आणि ती पावडर स्वयंपाकघरातून बाहेर." मी मान खाली घातली. मग त्यांनी पुन्हा ट्रे उचलला आणि त्यांना हसू आवरेना. "अण्णा, यावर मी चिठ्ठी लिहायची का? सात वर्षं वाट बघतेय मी."

"चिठ्ठी नंतर. प्लॅस्टर आधी. पाच मिनिटं राहिलीत." अण्णा.

मागची खोली लहान, पांढऱ्या धुळीची. कंपाउंडरनं प्लॅस्टर कालवलं. पण प्लॅस्टर नुसतं ओतून चालत नाही, आत हवेचे बुडबुडे राहतात. म्हणून ट्रे एका थरथरणाऱ्या छोट्या यंत्रावर टेकवतात, की प्लॅस्टर हळूहळू कानाकोपऱ्यात जाऊन बसतं. कंपाउंडरनं बटण दाबलं. यंत्र गप्प. पुन्हा दाबलं. त्यानं त्याला एक चापट मारली.

"सोमवारपासून असंच करतंय, मॅडम."

घड्याळात एकला तीन मिनिटं कमी होती. आणि माझ्या वहीप्रमाणे, अगदी माझ्या वहीप्रमाणे, अण्णांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मग हात. गोळी उतरत होती. अण्णांनी हाताकडे बघितलं. मला त्यांची ती नजर माहीत होती. त्यानंतर ते हात खिशात लपवत.

त्यांनी हात खिशात नेला नाही. त्यांनी तो पुढे केला.

"ट्रे द्या इकडे."

"अण्णा, पडेल," आई म्हणाली.

"डाव्या हातानं मनगट धरतो. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा बरं आहे हे. याला बटण लागत नाही, बंद होत नाही, दीड वर्ष रिकामं बसलंय." त्यांनी ट्रे उजव्या हातात घेतला आणि डाव्यानं मनगट सावरलं. ट्रे थरथरायला लागला, बारीक, एका लयीत. "ओत. एका कडेनं. थोडं थोडं. मागच्या दाढेपासून."

कंपाउंडरनं थेंबभर सोडलं. प्लॅस्टर थरथरत दाढेच्या खळग्यात उतरलं, तिथून हिरडीच्या बाजूनं सरकत सरकत पलीकडच्या दाढेपर्यंत गेलं, दुधाच्या सायीसारखं. एक बुडबुडा वर आला, फुटला. दुसरा आलाच नाही. आम्ही चौघं त्या हाताकडे बघत होतो. ज्या हाताला थांबवण्यासाठी आम्ही इतकी वर्षं गोळ्या, घड्याळं, वह्या घेऊन मागे लागलो होतो, त्याला आई हळूच म्हणाली, "चालू राहू द्या, अहो. चालू राहू द्या."

"गती जरा वाढवू का?" अण्णांनी विचारलं, आणि मग ते हसले. हात तोंडावर नेता येईना, कारण दोन्ही हात कामात होते. समोरचं सगळं रिकामं तोंड उघडं टाकून ते हसले, हसता हसता हात आणखी थरथरला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, आता अगदी बरोबर गती आहे!" मग मला खुर्ची शोधून बसावं लागलं. ठमी माझ्या मांडीवर, खुळखुळा माझ्या हनुवटीवर.

दहा दिवसांनी कवळी आली. कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यातून, गुलाबी कापसात. डॉक्टरीणबाईंनी बसवायच्या आधी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठा फिरवला, आणि कागद मागितला. अक्षर आता मुंगीएवढं झालंय त्यांचं, तरी वाचता आलं: "पुन्हा."

"अण्णा!" मी आणि आई एकदम.

"मधले दोन फार सरळ आहेत," ते म्हणाले. "एवढे सरळ दात माणसाचे नसतात. माझा डावीकडचा थोडा आत होता. चाळीस वर्षं बघतेय ही, विचारा हिला."

"होता," आई लाजून म्हणाली.

पुढच्या गुरुवारी दुसरी आली. अण्णांनी ती तोंडात घातली, दात दोनदा एकमेकांवर टेकवले आणि कान देऊन आवाज ऐकला. घरी मी नाशपाती पातळ कापली. हनुवटी खाली, एका वेळी एकच फोड, शिकवलंय तसं. कुर्रर्र. ठमीनं आपटायचं थांबवलं आणि बघायला लागली. अण्णांनी सावकाश चावलं, गिळलं, आणि फळीवर आता एकट्याच उरलेल्या, नवी चिठ्ठी लावलेल्या डब्याकडे बघून म्हणाले,

"अगं, त्या 'पाणी'वाल्या डब्याचं झाकण नीट लाव. आणि ठमीला गाजर पुरे आता. तिलाही एक फोड दे."

"तिला दात कुठे आहेत, अण्णा?"

त्यांनी ठमीच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं. थरथरतं बोट, पण थांबलं नेमकं.

"हा काय," ते म्हणाले. "किंचित आत बसलाय. माझ्यावर गेलीय."